सुवार्तेचे कीर्तनकार : कै. नारायण वामन टिळक

सिन्नर तालुक्यातील खेड्यापाड्यांत प्रभूची सेवा करणाऱ्या आपल्या उपदेशक बंधूंच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. उन्हातान्हातून वावी, ठाणगाव, दुबेरे अशी वाट तुडवावी, पारावर किंवा कोणाच्या ओसरीवर दहापाच माणसे जमवावी, तारणाऱ्याची कथा सांगावी आणि दिवस मावळता घराकडे परतावे. ऐकणाऱ्यांपैकी एखादा हसतो, एखादा वाद घालतो, बाकीचे ऐकून घेतात आणि आपापल्या कामास लागतात. मग मनुष्य स्वतःस विचारतो की, आजचा दिवस कारणी लागला काय? सुवार्ता सांगण्याचा हेतू तरी कोणता, आणि तिचे फळ कशास म्हणावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वे मांडून देता येईल. परंतु तत्त्वांपेक्षा चरित्र मनात खोल रुजते. म्हणून ज्या पुरुषाची गीते आपण दर रविवारी गातो, त्या नारायण वामन टिळकांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवतो. महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. आपण मात्र त्यांजकडे सुवार्तेचा सेवक ह्या नात्याने पाहावयाचे आहे.

दरवर्षी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, नाशिक व सिन्नर मागे टाकते आणि राहुरी व नगर ह्या वाटेने पंढरपुरास जाते. टाळमृदंगाचा तो घोष आपल्या तालुक्यातील कोणी ऐकला नाही? टिळकांच्या आयुष्यातील मोठमोठ्या गोष्टी ह्याच वाटेवरील गावांशी निगडित आहेत. त्यांचे गुरू त्र्यंबककर, त्यांची विद्या नाशिकची, त्यांची सेवा राहुरी व नगर येथील, आणि त्यांच्या पत्नीने वियोगाचे कठीण दिवस कंठले ते पंढरपुरास. तेव्हा हा पुरुष आपणांस परका नव्हे.

जन्म व विद्याभ्यास

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत असून स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेली होती. मुलाच्या कोवळ्या मनावर देवभक्तीचा आणि गोड वाणीचा पहिला संस्कार तिनेच केला. पुढे टिळकांच्या कवितेत आईविषयी जो अपार जिव्हाळा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. ती माउली मुलगा लहान असतानाच निवर्तली. घरात मन रमेना, म्हणून नारायण घर सोडून नाशिकास आला.

नाशिकास गणेशशास्त्री लेले त्र्यंबककर ह्या विद्वान गुरूंजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. काही काळ इंग्रजी शाळेतही शिक्षण घेतले. गोदातीरीच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरची मनकर्णिका नावाची अकरा वर्षांची मुलगी त्यांस वधू म्हणून मिळाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. ह्याच त्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांचे ‘स्मृतिचित्रे’ मराठी भाषेचे भूषण ठरले आहे.

टिळकांचा स्वभाव एका ठिकाणी टिकणारा नव्हता. त्यांनी मुले शिकविली, पुराण सांगितले, कीर्तन केले, छापखान्यात खिळेही जुळविले. नागपुरास बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. हाती पैसा आला की, तो गरजवंताच्या हाती जाई आणि घरात पुन्हा उणीव. राग चटकन येई व चटकन जाई. लक्ष्मीबाईंनी हे सारे मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. प्रभूने निवडलेले पात्र निर्दोष होते असे समजण्याचे कारण नाही. तथापि त्या पात्रात एक तळमळ मात्र अखंड होती. आपल्या देशाचे पुनरुज्जीवन कशाने होईल, जातीजातींतील भिंती कशा पडतील आणि देव माणसास कोठे भेटेल, हा ध्यास त्यांस स्वस्थ बसू देत नसे. आपणच एक नवा धर्म स्थापावा, येथवर त्यांचे विचार गेले होते.

आगगाडीतील भेट

1893 च्या सुमारास टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्याने ह्या परक्या ब्राह्मणास आदराने जवळ जागा दिली. बोलणे काव्यावर सुरू झाले व हळूहळू धर्माकडे वळले. त्या गृहस्थाने वाद घातला नाही, टिळकांच्या श्रद्धेची निंदा केली नाही. त्यांच्या मनाची तळमळ त्याने ओळखली, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि ती वाचण्याची विनंती केली. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ताचे व्हाल, असा विश्वासही त्याने बोलून दाखविला. मग स्टेशन आले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. त्या प्रवाशाचे नाव काय, हेही टिळकांस त्या वेळी ठाऊक नव्हते.

दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून टिळकांनी पुस्तक उघडले. आरंभी त्यात त्यांस काही गोडी वाटली नाही. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाजवळ ते आले आणि तेथेच खिळून राहिले. जे प्रश्न घेऊन ते वर्षानुवर्षे हिंडत होते, त्यांची उत्तरे ह्या तीन अध्यायांत त्यांस भेटली. शत्रूवर प्रीती करणारा, दीनांस धन्य म्हणणारा, देवास बाप म्हणावयास शिकविणारा हा गुरू त्यांच्या मनातून हलेना. पुढे त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ मिळवून वाचले आणि आरंभी आपले नाव गुप्त ठेवून एका ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार केला. एकेक शंका लिहावी, उत्तर यावे, पुन्हा विचार करावा, असे चालले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. त्या प्रवाशाने त्या दिवशी काय साधले? त्याच्या रोजनिशीत कदाचित एक पुस्तक दिल्याची नोंद झाली असेल, याहून अधिक काय? मोठ्या पिकाचे बी त्या डब्यात पडले, आणि पेरणारा अंकुर न पाहताच पुढच्या स्टेशनावर उतरून गेला. आपल्या शेतकरी बंधूंस हे सांगावयास नको की, ज्वारी पेरणारा रात्रीतून माती उकरून बी पाहत नाही. त्याने पेरावे, पावसाची वाट पाहावी आणि बांधावरचे गवत काढावे.

बाप्तिस्मा व वियोग

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पाश्चात्य मिशनऱ्यांच्या हातून नव्हे, तर आपल्या देशबांधवाच्या हातून तो व्हावा अशी त्यांची इच्छा होती, म्हणून अमेरिकन मिशनच्या मंडळीचे पाळक तुकारामजी नथोजी ह्यांनी तो दिला. ख्रिस्ताचे होणे म्हणजे परदेशाचे होणे नव्हे, ही गोष्ट टिळकांनी पहिल्याच दिवशी कृतीने सांगितली.

पण त्या दिवसाची किंमत मोठी होती. लक्ष्मीबाई त्या वेळी आपल्या माहेरच्या माणसांत होत्या. बातमी आली आणि त्यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नाही, सौभाग्य असून नाही, अशी ती दशा. जवळ लहानगा मुलगा दत्तू. नातलगांनी त्यांस सांभाळले व पुढे पंढरपुरास नेले. तेथे त्यांनी दुःखाचे दिवस काढले. इकडे टिळकही सुखी नव्हते. पोटासाठी बाटला, असा टोमणा आपल्यातील पुष्कळांनी ऐकला आहे. टिळकांस बाप्तिस्म्याने काय मिळाले हे पाहा : आप्तांचे प्रेम गेले, जातीतील मान गेला, पत्नी व पुत्र दुरावले. ज्यास पोट भरावयाचे असते तो असला सौदा करीत नाही.

आता सुवार्ता सांगणाऱ्याची खरी परीक्षा येथे झाली असे आम्हांस वाटते. टिळक कवी होते, वक्ते होते. सभा हलवून सोडण्याची शक्ती त्यांच्या वाणीत होती. तरीही जी एक व्यक्ती ख्रिस्तापाशी यावी म्हणून त्यांचा जीव तुटत होता, तिच्यापुढे वक्तृत्व काही कामाचे नव्हते. कायद्याचा किंवा नवरेपणाच्या हक्काचा धाक त्यांनी घातला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, प्रार्थना केली आणि वाट पाहिली. वर्षांमागून वर्षे गेली. अखेरीस लक्ष्मीबाई मुलास घेऊन आल्या. परंतु ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेविले. टिळकांनी ते चालू दिले. ज्या बाईने इतके सोसले तिच्या मनाचे दार बाहेरून फोडावयाचे नाही, हे त्यांनी जाणले होते.

मग जे झाले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने झाले. माणसे माणसांत भेद पाळतात, तो भेद देवाने केला काय, असा प्रश्न त्यांच्या मनात उठला. विचार करता करता त्यांस दिसून आले की, हा भेद माणसाचाच आहे. आणि त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. एवढी भिंत पडल्यावर पुढचे पाऊल दूर राहिले नाही. 1900 साली, म्हणजे पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्या पाच वर्षांत टिळकांनी केलेले प्रवचन शब्दांचे थोडे आणि धीराचे अधिक होते. आणि असे प्रवचन ज्या हृदयात पोहोचते, तेथून ते कधी पुसून जात नाही. कारण ते हृदय आपल्या पायांनी चालत आलेले असते.

नगरची सेवा

बाप्तिस्म्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगरास, म्हणजे आता ज्यास अहिल्यानगर म्हणतात तेथे, राहिले. डॉ. ह्यूम ह्यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. धर्मशिक्षणाच्या शाळेत ते भावी उपदेशकांस शिकवीत आणि 1904 साली त्यांची पाळकपदावर दीक्षा झाली. 1899 व 1900 ह्या वर्षांच्या भयंकर दुष्काळाचा तो काळ. नगर जिल्ह्यात माणसे व गुरे अन्नपाण्यावाचून तडफडत होती. टिळकांच्या घरात अनाथ मुलांस आसरा मिळाला, आणि पोटच्या मुलात व ह्या मुलांत त्या घरी अंतर राहिले नाही. ज्या लक्ष्मीबाईंनी कालपर्यंत दुसऱ्याच्या हातचे पाणी वर्ज्य मानिले, त्याच आज कोणाच्याही लेकरास पोटाशी धरू लागल्या. सुवार्तेने काय होते असे कोणी विचारिले, तर हे एकच उदाहरण पुरे आहे.

टिळकांच्या ध्यानात लवकरच एक उणीव आली. मंडळीत गायिली जाणारी पुष्कळ गीते परभाषेतून उतरविलेली असत. शब्द मराठी, पण चाल परकी आणि श्वासही परका. खेड्यातील म्हातारी जात्यावर बसली म्हणजे ती गीते तिच्या ओठी येत नसत. जी कथा ओठी येत नाही ती काळजात तरी कशी राहणार? टिळकांच्या आधीच नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. टिळकांनी तीच वाट पुढे चालविली. त्यांनी अभंग, ओवी, पदे व भजने रचिली. टाळमृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्र गाइले. तुकारामादी संतांचे आपणावरील ऋण ते उघडपणे मान्य करीत. ह्या संतांनी महाराष्ट्राच्या मनाची मशागत केली आहे आणि त्या नांगरलेल्या भुईत प्रभूचे बी घालावयाचे आहे, अशी त्यांची धारणा होती. ‘उपासना संगीत’ ह्या आपल्या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. अक्षरओळख नसलेल्या मंडळीनेही ती पाठ केली आणि प्रवचन विसरले तरी गीत विसरले नाही.

1842 साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन 1912 पासून मृत्यूपर्यंत त्यांच्याकडे होते. त्या पत्रातून त्यांनी ख्रिस्ती मंडळीस सतत एकच गोष्ट सांगितली : आपण ख्रिस्ताचे आहोत म्हणून आपल्या देशाचे अधिक आहोत. सुवार्ता सांगणारा जर शेजाऱ्याच्या सुखदुःखापासून, भाषेपासून व देशापासून दूर राहिला, तर त्याचे बोलणे कोण ऐकणार?

नगरच्या घरी एक तरुण कवी पुत्रवत राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. लोक त्यास बालकवी म्हणतात. टिळक पतिपत्नीने त्यास माया दिली आणि त्याच्या काव्यास उत्तेजन दिले. बालकवी 1918 साली तरुणपणीच अपघातात वारले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. म्हणून टिळकांचे त्यांवरील प्रेम व्यर्थ गेले काय? जो प्रेम करताना बाप्तिस्म्याचा हिशेब मनात ठेवितो, त्याचे प्रेम ऐकणाऱ्यास तत्काळ कळते आणि तो सावध होतो. टिळकांचे प्रेम हिशेबाचे नव्हते, म्हणूनच त्यांच्या दारी ख्रिस्ती आणि हिंदू, कवी आणि भिकारी सारे येत.

देवाचा दरबार

वय साठीकडे झुकले, कीर्ती झाली, मंडळीत मान होता. अशा वेळी बहुतेक माणसे विसावा शोधतात. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडिला, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करिले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांचे हे कुटुंब असावे, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही असावे, असा त्यांचा संकल्प होता. तो सर्वांसच पटला असे नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसा, असा प्रश्न पुष्कळांनी केला आणि तो प्रश्न हलका नव्हे; मंडळीने बाप्तिस्म्याचे महत्त्व कधी सोडू नये. तथापि टिळकांच्या मनातील गोष्ट समजून घेतली पाहिजे. ख्रिस्ताकडे डोळे लावून बसलेली, पण घरादाराच्या बंधनांनी अडकलेली किती तरी माणसे त्यांनी पाहिली होती. त्यांच्या स्वतःच्या घरातच असे एक माणूस पाच वर्षे उंबरठ्यावर उभे नव्हते काय? उंबरठ्यावर उभ्या असलेल्यास हाकलून न देता त्यास आत बोलाविणारे घर असावे, इतकीच त्यांची आस होती.

ते काम फार दिवस चालावयाचे नव्हते. शरीर थकले, आजाराने घेरले आणि 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळक प्रभूपाशी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास ह्या देशाच्या रीतीने अग्नी देण्यात आला.

येशूचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले आणि लेखणी थांबली. ते काम हाती कोणी घेतले? जी बाई एके काळी ख्रिस्ताचे नाव ऐकून ढसढसा रडली, तिनेच. घरीच पतीच्या मदतीने अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून ते काव्य पूर्णतेस नेले. त्या स्वतः 1936 साली निवर्तल्या आणि 1938 साली ‘ख्रिस्तायन’ छापून प्रसिद्ध झाले.

बोध

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या चरित्रावरून सुवार्ता सांगण्याचा हेतू आपणांस स्पष्ट दिसावा. सुवार्ता म्हणजे वादविवादात प्रतिपक्षास गप्प करणे नव्हे. टिळकांस कोणी वादात हरविले नव्हते. दुसऱ्याच्या देवांची निंदा करणे म्हणजे सुवार्ता नव्हे. त्या प्रवाशाने ती केली असती, तर पुस्तक गाडीतच राहिले असते. आमिष किंवा धाक दाखवून माणूस ओढून आणणे तर सुवार्तेचा घातच होय. ऐकणारा आणि ख्रिस्त ह्यांची भेट घडवून द्यावी आणि मग आपण बाजूस व्हावे, हाच सुवार्तेचा हेतू. डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांच्या शेजारी कोणी उपदेशक नव्हता. लक्ष्मीबाईंच्या मनात प्रकाश पडला तेव्हाही त्यांस कोणी प्रवचन देत नव्हते.

मग सांगण्याची गरजच काय, असे कोणी म्हणेल. गरज ही की, पुस्तक दिल्यावाचून ते उघडले गेले नसते, आणि पाच वर्षांच्या पत्रांवाचून त्या माउलीची वाट खुली राहिली नसती. सांगणे आपले, पोहोचविणे देवाचे. जो सांगत नाही तो देवाच्या हातातील साधन हिरावून घेतो. आणि जो सांगून निकालासाठी उतावीळ होतो, तो देवाचे काम आपल्या हाती घेऊ पाहतो. दोन्ही चुका टाळाव्या.

आपल्या मंडळ्यांत अशी पुष्कळ घरे आहेत की, जेथे एकाने प्रभूचा स्वीकार केला आहे आणि आई, भाऊ किंवा घरधनीण अद्याप दूर आहे. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या सणावारी टोचून बोलू नका. आपल्या घरात टिळकांची गीते त्यांस ऐकू येऊ द्या, दुखण्याखुपण्यात त्यांच्या उशाशी बसा आणि प्रार्थनेत त्यांचे नाव रोज घ्या. पुढच्या ज्येष्ठात पालखी सिन्नरवरून जाईल तेव्हा उन्हात चालून आलेल्या वारकऱ्यास पाण्याचा तांब्या पुढे करा. त्याने विचारिले तर तो कोणाच्या नावाने दिला हे सांगा. न विचारिले तरी पाणी द्याच. त्या तांब्याने कोणाच्या मनात काय पेरले गेले, हे आपणांस कळेल किंवा न कळेल. त्या आगगाडीतील गृहस्थाने निकालासाठी हात आखडिला नाही. आपणही आखडू नये.